डेनिस गाबोर आणि होलोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होलोग्रामचा विषय निघाला की बहुतेकांना चमकदार स्टिकर किंवा हवेत तरंगणारी माणसे आठवतात. ज्या माणसाने ही पद्धत शोधून काढली त्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठांवर येते. डेनिस गाबोर यांचे आयुष्य आणि त्यांचे संशोधन यांविषयी विद्यार्थी, पालक आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या प्रश्नांना सविस्तर उत्तराची गरज आहे तेथे हात आखडता घेतलेला नाही.

गाबोर हे मूळचे कुठले? त्यांचे आडनाव बदलले होते, हे खरे आहे का?

गाबोर यांचा जन्म ५ जून १९०० रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ आडनाव ग्युन्सबर्ग असे होते आणि १९०२ मध्ये, म्हणजे डेनिस दोन वर्षांचे असताना, कुटुंबाने गाबोर हे हंगेरियन आडनाव स्वीकारले. हंगेरियन भाषेत आडनाव आधी आणि नाव नंतर येते, त्यामुळे मायदेशी ते ‘गाबोर देनेश’ म्हणून ओळखले जात. वडील बर्तालान कोळसा खाणींच्या एका कंपनीत अधिकारी होते, तर आई अॅड्रियन लग्नापूर्वी अभिनेत्री होत्या.

भौतिकशास्त्राची गोडी त्यांना कशी लागली?

त्यांनी स्वतः लिहिले आहे की वयाच्या पंधराव्या वर्षी ते एकाएकी भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडले. विद्यापीठात जाईपर्यंत थांबण्याचा धीर त्यांना नव्हता, म्हणून कलनशास्त्र ते स्वतःच शिकले आणि त्या काळातला भौतिकशास्त्राचा सर्वांत जाडजूड ग्रंथ त्यांनी पुढच्या दोन वर्षांत संपवला. भाऊ जॉर्ज यांच्या साथीने त्यांनी घरातच एक छोटी प्रयोगशाळा थाटली आणि क्ष-किरण, किरणोत्सार यांसारख्या तेव्हा अगदी ताज्या असलेल्या विषयांवरील प्रयोग तेथे करून पाहिले. या वयात दोन गोष्टींनी त्यांना विशेष झपाटले होते: सूक्ष्मदर्शकात प्रतिमा कशी तयार होते याविषयीचा अर्न्स्ट आबे यांचा सिद्धांत आणि गाब्रिएल लिपमान यांची रंगीत छायाचित्रणाची पद्धत, ज्यात प्रकाशाच्या लाटांचे व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून होणारा उजेड-अंधाराचा नमुना, फिल्मच्या थरातच कोरला जातो. तीस वर्षांनंतर होलोग्राफीची कल्पना सुचली तेव्हा ही दोन्ही पाळेमुळे कामाला आली.

इतकी ओढ असूनही ते अभियांत्रिकीकडे का वळले?

कारण अगदी व्यावहारिक होते. त्या वेळच्या हंगेरीत भौतिकशास्त्र हा पोट भरण्याचा व्यवसाय नव्हता. साऱ्या देशात या विषयाच्या प्राध्यापकांच्या जेमतेम सहा जागा होत्या आणि त्यांतली एक आपल्या वाट्याला येईल अशी आशा बाळगणे शहाणपणाचे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तोफखान्यात सेवा करून ते परतले आणि बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाले. मात्र १९२० साली, हंगेरीचे नवे शासक होर्थी यांच्या राजवटीत लष्करी सेवेचे बोलावणे आल्यावर, तिच्या सेवेत जाण्याची तयारी नसल्याने त्यांनी देश सोडला आणि ते बर्लिनमधील शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यापीठात गेले. नोंदणी तेथे होती, पण मन बर्लिन विद्यापीठात रमत असे, कारण तेथे आइन्स्टाइन, प्लांक, नर्न्स्ट आणि फॉन लाउए एकाच छताखाली शिकवत होते. अभियंत्याची पदवी आणि भौतिकशास्त्रज्ञाचा कान असा हा संयोग त्यांच्या पुढच्या प्रत्येक कामात दिसतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा शोध त्यांच्या हातून निसटला, असे म्हणतात. त्यात तथ्य किती?

बरेच तथ्य आहे. १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या डॉक्टरेटसाठी त्यांनी विजेच्या वाहिन्यांतून धावणाऱ्या क्षणिक लाटा टिपणारा अतिवेगवान कॅथोड-किरण दोलनदर्शक बनवला. इलेक्ट्रॉनांचा झोत एका बिंदूवर आणण्यासाठी त्यात त्यांनी लोखंडी आवरण असलेले आखूड वेटोळे वापरले होते. ते वेटोळे म्हणजे इलेक्ट्रॉनांचे भिंगच होते, पण ते तसे का वागते हे १९२६ मध्ये हान्स बुश यांनी गणिताने दाखवले आणि त्या वाटेने पुढे जाऊन क्नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. मित्र लिओ झिलार्ड यांनी गाबोर यांना असे उपकरण बनवण्याचे आधीच सुचवले होते. पण त्या झोतात नमुना जळून खाक होईल, असे गाबोर यांना वाटले आणि विषय तेथेच थांबला. ही चुटपुट त्यांच्या मनात राहिली असावी, कारण वीस वर्षांनी त्याच उपकरणाचा दोष काढण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले आणि होलोग्राफी त्यातूनच जन्मली.

त्यांनी जर्मनी का सोडली?

१९२७ पासून ते बर्लिनमध्ये सीमेन्स अँड हाल्स्के कंपनीत संशोधन करत होते. तेथे त्यांनी क्वार्ट्झच्या नळीतला उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा तयार केला. क्वार्ट्झमधून विजेची जोडणी आत नेताना हवा शिरू नये, यासाठी त्यांनी मॉलिब्डेनमच्या पातळ पट्टीची युक्ती काढली आणि पुढे जगभरच्या रस्त्यांवरील लाखो दिव्यांत ती वापरली गेली. खरे तर त्यांना कॅडमियमचा दिवा बनवायचा होता आणि तो काही जमला नाही. शोधायला जावे एक आणि हाती लागावे दुसरेच, या अनुभवाचा आपला पहिला धडा तो होता, असे त्यांनी नमूद केले आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, गाबोर यांचा करार संपुष्टात आला आणि काही काळ हंगेरीत काढून १९३४ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. मंदीच्या त्या दिवसांत परकीय माणसाला नोकरी मिळणे मुश्किलीचे होते, पण रग्बी या गावातील ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीने त्यांना जागा दिली. १९३६ मध्ये रग्बीच्याच मार्जरी बटलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९४६ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी काय केले?

हंगेरीचे नागरिक असल्यामुळे त्यांना रडारसारख्या गुप्त कामांपासून दूर ठेवण्यात आले. सहकारी युद्धाच्या कामात बुडालेले असताना एका अव्वल संशोधकाने बाजूला बसून राहावे, ही गोष्ट त्यांना किती लागली असेल याची कल्पना करता येते. तरी त्या एकांताने त्यांना विचाराला वेळ दिला. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला संदेशवहनाविषयीचा त्यांचा शोधनिबंध ही त्या काळाची मोठी जमेची बाजू होय. एखादा आवाज ‘केव्हा’ आला आणि त्याचा ‘सूर कोणता’ होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे सांगता येत नाहीत, हे त्यांनी दाखवले आणि माहितीचा सर्वांत लहान कण कसा मोजायचा याची रीत दिली.

या निबंधाचा आपल्या रोजच्या जगण्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जवळचा आहे. त्या निबंधातून आलेली गणिती फलने आज ‘गाबोर फलने’ म्हणून ओळखली जातात. चित्रातला पोत, बोटांच्या ठशांतील रेषा, कापडाच्या विणीतला दोष हे सर्व संगणकाला ओळखायला शिकवताना ती वापरली जातात. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी डोळ्यातील बुबुळावरून माणूस ओळखण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा पाया या फलनांवरच उभा आहे. आधार नोंदणीच्या वेळी यंत्रासमोर डोळे मोठे करून बसलेल्या प्रत्येकाच्या बुबुळांची नोंद घेतली जाते. बुबुळांवरून ओळख पटवण्याच्या त्या विद्येत गाबोर यांचा हात आहे, हे ठाऊक असायला हवे.

होलोग्राफीची कल्पना त्यांना नेमकी कशी सुचली?

१९४७ मधील ईस्टरच्या सुटीत रग्बीच्या टेनिस क्लबमध्ये, बाकावर बसून आपल्या खेळाची पाळी येण्याची वाट पाहत असताना ती सुचली. पण एका दुपारी मिळालेल्या उत्तरामागे कित्येक महिन्यांचा ध्यास होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा सुमारे शंभरपट बारीक पाहू शकत होता, तरी स्फटिकातील अणू काही त्यात दिसत नव्हते. वेगवान इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी साधारण एक विसांश अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूपेक्षा कितीतरी लहान असते. अडचण लाटेची नव्हती, भिंगाची होती. इलेक्ट्रॉनांच्या भिंगात गोलीय विपथनाचा, म्हणजे भिंगाच्या कडेने आणि मधून जाणारे किरण एकाच बिंदूवर न मिळण्याचा, दोष मुळातच असतो आणि काचेच्या भिंगांत तो जसा दुसरे भिंग जोडून घालवतात, तसा येथे घालवता येत नव्हता. उत्तमातले उत्तम इलेक्ट्रॉन भिंगही गुणवत्तेने पावसाच्या थेंबाच्या जवळचे होते, अशी तुलना गाबोर यांनी केली आहे.

मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. भिंग सुधारत नसेल तर वाईट चित्रच घ्यावे. मात्र त्यात सगळी माहिती शाबूत असावी आणि नंतर साध्या प्रकाशाच्या साहाय्याने, जेथे भिंगे हवी तशी घडवता येतात तेथे, ते दुरुस्त करावे. आता अडले ते ‘सगळी माहिती’ या दोन शब्दांपाशी, कारण साधे छायाचित्र ती धरून ठेवत नाही.

साधे छायाचित्र कोणती माहिती गमावते आणि होलोग्राम ती कशी राखतो?

वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटेला दोन अंगे असतात. एक तिची उंची, जिच्यावरून उजेड किती हे ठरते. दुसरी तिची कला, म्हणजे एखाद्या ठिकाणी त्या क्षणी लाटेचा माथा आहे की तळ, की त्यांच्या मधली कोणती अवस्था. वस्तूचा कोणता भाग जवळ आणि कोणता लांब, हे गुपित कलेत दडलेले असते. फिल्म फक्त उजेड मोजते, कला विसरते आणि म्हणून फोटो सपाट होतो.

हरवलेली ही कला टिपायची कशी, हे समजायला तंबोरा आठवावा. जोडाच्या दोन तारा षड्जावर लावताना एक तार एकटीच छेडली तर ती किंचित उतरली आहे की चढली आहे, हे भल्याभल्यांना चटकन सांगता येत नाही. पण दोन्ही तारा एकत्र वाजू लागल्या की सूक्ष्म फरकसुद्धा आवाजाच्या हेलकाव्यांतून ऐकू येतो. तुलनेला एक स्थिर स्वर मिळाला की दुसऱ्याचा फरक उघडा पडतो. गाबोर यांनी प्रकाशाला असाच षड्ज दिला. वस्तूवरून आलेल्या लाटेबरोबर त्याच उगमाची एक स्वच्छ, माहितीची लाट त्यांनी फिल्मवर सोडली. जेथे माथ्याला माथा मिळाला तेथे उजळ आणि जेथे माथ्याला तळ मिळाला तेथे काळोखी पट्टी उमटली. पट्ट्या कुठे सरकल्या आहेत यातून कला नोंदली गेली आणि त्या किती ठळक आहेत यातून उंची.

धुतलेल्या फिल्मवर डोळ्यांना ओळखीचे काहीच दिसत नाही. करडा धूसरपणा तेवढा दिसतो. पण तिच्यावर पुन्हा तीच स्वच्छ लाट सोडली की त्या बारीक पट्ट्या प्रकाशाला असे वळवतात की वस्तूकडून मूळ आलेली लाट जशीच्या तशी पुन्हा निघते आणि डोळ्याला वस्तू तेथेच असल्यासारखी दिसते. ‘होलोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘संपूर्ण’ असा आहे आणि गाबोर यांनी होलोग्राम हे नाव त्यावरूनच ठेवले.

होलोग्रामचा तुकडा केला तरी पूर्ण वस्तू दिसते, हे खरे का?

लेझरच्या प्रकाशात पाहण्याच्या होलोग्रामबाबत ते खरे आहे. बुद्धिबळातल्या घोड्याचा काचेवर घेतलेला होलोग्राम मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा त्याच्या अर्ध्या भागावर काळा कागद धरतो. घोडा अर्धा होत नाही. संपूर्ण घोडा दिसत राहतो, फक्त त्याच्याकडे पाहण्याची खिडकी अरुंद होते आणि मान उजवीकडे-डावीकडे हलवून त्याच्या कानामागे डोकावण्याची मुभा कमी होते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासूनचा प्रकाश फिल्मभर पसरलेला असतो, म्हणून हे घडते. फार लहान तुकडा घेतला तर चित्र अस्पष्ट होत जाते, हेही सांगायला हवे.

जगातील पहिला होलोग्राम कसा होता?

तो अगदी छोटा आणि सपाट होता. लेझरचा जन्म व्हायला अजून बारा-तेरा वर्षे होती. गाबोर आणि त्यांचे सहायक आयव्हर विल्यम्स यांच्याकडे होता तो पाऱ्याचा दिवा. त्याच्या प्रकाशातील एकच रंग गाळून घेऊन तो अवघ्या ३ मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून सोडायचा, तेव्हा कोठे लाटांमध्ये पुरेसा एकजिनसीपणा येई, आणि तोही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरापुरता. त्या छिद्रातून येणारा उजेड इतका क्षीण असे की तेव्हाच्या सर्वांत संवेदनशील फिल्मलाही काही मिनिटे उघडे ठेवावे लागे आणि तेवढा वेळ सगळी मांडणी जागची हलू न देता जपावी लागे. वस्तू म्हणून त्यांनी सुमारे एक मिलिमीटरचे सूक्ष्मचित्र घेतले आणि त्यावर तीन नावे होती: हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल. प्रकाश ही लाट आहे हे ज्यांनी सिद्ध केले त्यांचीच नावे लाटेच्या या नव्या प्रयोगात पुन्हा उजळली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. या कामाचा पहिला वृत्तान्त मे १९४८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला.

मग पुढची पंधरा वर्षे होलोग्राफी मागे का पडली?

दोन अडचणी होत्या. पहिली प्रकाशाची, जी वर आलीच आहे. दुसरी जुळ्या प्रतिमेची: गाबोर यांच्या मांडणीत दिवा, वस्तू आणि फिल्म एकाच रेषेत असल्यामुळे पाहताना हव्या त्या प्रतिमेबरोबर तिची नको असलेली जोडीदारही त्याच रेषेत उमटे आणि चित्र गढूळ होई. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत १९५० ते १९५३ या काळात अॅल्डरमॅस्टन येथील प्रयोगशाळेच्या सहकार्याने प्रयत्न झाले, पण अणू काही दिसले नाहीत. आपण वीस वर्षे आधी सुरुवात केली, असा निष्कर्ष गाबोर यांनी काढला. ते तोवर, १९४९ पासून, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये रुजू झाले होते आणि इतर कामांत गुंतले.

आजची होलोग्राफी लेझरमुळे झाली. मग श्रेय गाबोर यांना देणे योग्य आहे का?

तत्त्वाचे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे. पण आज आपण जे होलोग्राम पाहतो त्यांचे श्रेय एकट्या गाबोर यांना देणे इतरांवर अन्यायाचे ठरेल. मिशिगन विद्यापीठातील एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स हे रडारच्या कामातून, जवळजवळ स्वतंत्रपणे, या कल्पनेकडे आले. संदर्भाची लाट, म्हणजे वर सांगितलेली स्वच्छ लाट, तिरकी सोडली की जुळ्या प्रतिमा वेगवेगळ्या दिशांना जातात, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवले आणि १९६४ मध्ये लेझरने घेतलेला खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम मांडला तेव्हा तो पाहायला शास्त्रज्ञांची रांग लागली. त्याच सुमारास सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी लिपमान यांच्या छायाचित्रणाची आणि होलोग्राफीची सांगड घालून साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसणारे होलोग्राम बनवले. किशोरवयातल्या गाबोर यांना ज्या लिपमानने भारावले होते, तो असा दुसऱ्याच्या हातून होलोग्राफीत परतला.

मतदार ओळखपत्रावरील चमकदार चिकटपट्टी हा खरा होलोग्राम आहे का?

अशा सुरक्षा चिकटपट्ट्या याच कुळातल्या आहेत. त्यांची वाट अमेरिकेतील स्टीफन बेंटन यांच्या इंद्रधनुषी होलोग्रामपासून सुरू होते. वर-खाली पाहताना जाणवणारी खोली त्यांनी सोडून दिली आणि त्या बदल्यात साध्या उजेडात दिसणारी झळाळी मिळवली. अशा होलोग्रामच्या पट्ट्या धातूच्या साच्याने प्लॅस्टिकवर ठसे मारावेत तशा उठवता येतात, म्हणून ते लाखांच्या संख्येने स्वस्तात छापता येतात. हातातले कार्ड खिडकीच्या उजेडात धरून वर-खाली कलते करावे: हिरवा रंग सरकून तांबडा होतो, तो त्या पट्ट्यांनी प्रकाश वळवल्यामुळे. मात्र काही स्वस्त चिकटपट्ट्यांत वस्तूची नोंद नसतेच, नुसती जाळीदार नक्षी असते.

रंगमंचावर किंवा प्रचारसभांत दिसणारी ‘होलोग्राम’ माणसे?

ते होलोग्राम नव्हेत. तिरक्या लावलेल्या पारदर्शक पडद्यावरचे ते प्रतिबिंब असते आणि ही क्लृप्ती एकोणिसाव्या शतकातल्या नाट्यगृहांपासून चालत आलेली आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत एकाच वेळी अनेक गावांत दाखवलेली भाषणेही याच प्रकारची होती.

त्यांना नोबेल पारितोषिक कधी मिळाले?

१९७१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल होलोग्राफीची पद्धत शोधून ती विकसित केल्याबद्दल त्यांना एकट्याला देण्यात आले. त्याआधी १९५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते आणि १९५८ ते १९६७ इंपीरियल कॉलेजमध्ये प्राध्यापक होते. तेथे विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी सपाट दूरचित्रवाणी नळी, अनुभवातून शिकणारा संगणक आणि होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक अशा भिन्न विषयांवर काम केले. निवृत्तीनंतर अमेरिकेतील सीबीएस प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध राहिला.

समाजाविषयी त्यांचे काय म्हणणे होते?

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे मन याच प्रश्नाने व्यापले होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मानवजातीपुढचे तीन धोके मांडले: अणुयुद्ध, लोकसंख्येचा विस्फोट आणि रिकामपण. तिसरा धोका वाचणाऱ्याला थबकायला लावतो. यंत्रे कामे करू लागतील तेव्हा मोकळ्या वेळाचे आणि निरुपयोगी झाल्याच्या भावनेचे माणूस काय करील, ही त्यांची चिंता आज पूर्वीपेक्षा खरी वाटते. जगाच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या क्लब ऑफ रोम या गटाच्या आरंभीच्या सदस्यांत ते होते.

त्यांची अखेर कशी झाली?

१९७४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावामुळे त्यांची लिहिण्या-वाचण्याची शक्ती गेली. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. गाबोर दांपत्याला अपत्य नव्हते.

अणू पाहण्याचे त्यांचे मूळ स्वप्न पुरे झाले का?

झाले, आणि दोन वाटांनी. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांनी अतिशय एकजिनसी इलेक्ट्रॉन झोत वापरून इलेक्ट्रॉन होलोग्राफी प्रत्यक्षात आणली. इलेक्ट्रॉनाची कला तिच्यामुळे इतकी नेमकी वाचता येऊ लागली की अहारोनोव्ह-बोम परिणाम (चुंबकीय क्षेत्राला स्पर्श न करता त्याच्या बाजूने गेलेल्या इलेक्ट्रॉनाचीही कला बदलते, हे भाकीत) खरा की खोटा, हा क्वांटम भौतिकीतला जुना वाद १९८६ मधील त्यांच्या प्रयोगाने मिटला. दुसरीकडे १९९० च्या दशकात जर्मनीत हाइडर, रोझ आणि उर्बान यांनी ते हट्टी गोलीय विपथन थेट भिंगातूनच काढून टाकण्याची सोय केली आणि स्फटिकातील अणूंच्या रांगा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसू लागल्या. ज्या दोषाला वळसा घालण्यासाठी गाबोर यांनी १९४७ मध्ये होलोग्राफी शोधली, तो दोष दूर व्हायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली.